पायाळू ठमाबाई आणि तुटलेली शीर

ठमाबाई आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आली, आणि तेव्हापासून लोक तिच्या पायांच्या मागे लागले. पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण निघते, हे पेणच्या खाडीकाठी कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा बापानं तिला अंगणात उभं केलं, मिठागरातला एक जाडजूड गडी पालथा झोपवला आणि तिचा हात धरून तिचा उजवा पाय त्याच्या कमरेवर तीनदा आपटवला. गडी उठला, पुढं वाकून बघितलं, मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, "गेली." सगळे हसले. ठमी मात्र भोकाड पसरून रडली. एवढ्या मोठ्या माणसाला लाथ मारली, आता आपल्याला मार बसणार, असं तिला वाटलं होतं.

मार बसला नाही, मान मिळाला. पण त्या मानाला दोन बंधनं होती. पायाळूनं कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. तिसरं एक बंधन आईनं आपल्या मनानं घातलं होतं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग गडगडायला लागले की ती पोरीला आतल्या खोलीत कोंडायची. म्हणजे गावाच्या कमरा मोकळ्या करायच्या आणि स्वतः कोंडून घ्यायचं, असा हा मोठेपणा!

गाव वडखार. दोन्ही बाजूंनी खाडी, मधे मिठागरं आणि खारं पाणी बांध घालून अडवलेली थोडी भाताची खाजणं. ठमाबाईला गावातच दिली, पण नवरा फार टिकला नाही. पदरी एकच मुलगी, शांती. ती पुढं निडीला दिली. भाऊ पुंडलिक शेजारच्याच घरात राहायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मागं राहिलेला दहा दिवसांचा रघू ठमाबाईनं उचलून आणला आणि शांतीबरोबर वाढवला. रघू तिला आते म्हणायचा, पण हाका मारायचा आईला माराव्यात तशाच.

दिवाळी झाली की मिठाच्या वाफ्यांची जमीन तुडवायचं काम निघे. ओल्या गाळात आठ-दहा जणी ओळीनं उभ्या राहून टाचेनं जमीन दाबत मागं मागं सरकायच्या. महिनाभर हेच. संध्याकाळी पिंढऱ्या दगड व्हायच्या. मग बायका ठमाबाईच्या अंगणात येऊन बसायच्या आणि ठमाबाई त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळायची. तिची खरी विद्या इथं घडली. लोक तिच्या पायाचं कौतुक करत राहिले आणि तिचे अंगठे गुपचूप शहाणे होत गेले. गोळा आलेली पिंढरी कुठली, मांडीमागचं ताणलेलं मांस कुठलं, मुरगळलेला घोटा कुठला, हे तिला नुसतं दाबून कळायला लागलं. कुठं चोळायचं, कुठं नुसता शेक द्यायचा आणि कुठं चार दिवस हात लावायचा नाही, तेही कळायला लागलं. पण लाथेशिवाय कुणाचं समाधान व्हायचं नाही, म्हणून सगळं झालं की शेवटी ती पाय टेकवायची. बरं वाटलं की श्रेय पायाला!

गावात कबड्डीचं वेड होतं. वेड म्हणजे पोरगं चालायला लागलं की लोक त्याच्या मांड्या बघायचे. संघ कुठं स्पर्धेला निघाला की सातही जण आदल्या संध्याकाळी ठमाबाईच्या अंगणात रांगेनं पालथे पडायचे आणि ती एकेकाच्या पाठीवर पाय ठेवत पुढं जायची. एका वर्षी ती शांतीकडं गेली होती म्हणून हे राहिलं आणि संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्यानंतर स्पर्धेच्या दिवसांत ठमाबाईनं गाव सोडायचं नाही, असं गावानं ठरवूनच टाकलं. तिला कुणी विचारलं नाही.

या संघाचा चढाईचा गडी म्हणजे रघू. अंगानं वाळका, पण पाय असे की समोरच्याला तो आला कधी आणि गेला कधी ते कळायचं नाही. डोलवीला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली तो कामाला जायचा, शिफ्ट सुटली की थेट मैदानात. मुंबईच्या एका बँकेच्या माणसानं त्याला अलिबागला खेळताना बघितलं होतं. मार्चमध्ये निवड आहे, ये, असं तो सांगून गेला होता. संघात घेतलं तर कायमची नोकरी. खाडीकाठच्या पोराला याहून मोठं काय पाहिजे? पुंडलिकानं तर पोराला शर्टाचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात रघूची डावी टाच कुरकुरायला लागली. सकाळी उठला की टाचेच्या वरची शीर आखडलेली असायची. चार पावलं टाकली की सुटायची. ठमाबाई रोज तेल लावायची, चोळायची.

"आते, खेळू का नको?" तो विचारायचा.

"सुटतंय ना चालल्यावर? मग खेळ," ती सांगायची.

पुढं पुष्कळ वर्षं हे शब्द तिला आठवत राहिले.

शहाण्णव सालच्या जानेवारीत रोह्याला स्पर्धा होती. दुपारचा उपांत्य सामना वडखार विरुद्ध निडी. निडी म्हणजे शांतीचं सासर, आणि निडीच्या डाव्या कोपऱ्यात खेळणारा केरू म्हणजे शांतीचा सख्खा धाकटा दीर. घोट्याची पकड करण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. स्पर्धेत लेकीचंही गाव होतं म्हणून ठमाबाई पहिल्यांदाच रोह्याला आली होती; संघाबरोबरच निघाली म्हणून गावानंही अडवलं नाही. मायलेकी बायकांत शेजारी बसल्या होत्या, आणि कुणी जिंकलं तरी घरात गोड होणार म्हणून हसत होत्या.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. रघू चढाईला गेला, उजव्या कोपऱ्याला हात लावला आणि मधल्या रेषेकडं वळला. डाव्या पायानं रेटा दिला आणि खाली पडला. वाळका बांबू फुटावा तसा आवाज झाला, तो बायकांच्या घोळक्यापर्यंत ऐकू आला. रघूनं पडल्या पडल्या मागं वळून बघितलं. मागं केरू होता, पकडीसाठी झेपावलेला.

"लाथ मारली!" रघू ओरडला. "मागून लाथ मारली मला यानं!"

मग काय, मैदानात दोन्ही गावं उतरली. पंचांना काही दिसलं नव्हतं. केरू हात जोडून सांगत होता, मी पोचलोच नव्हतो, माझा हातसुद्धा लागला नाय. ते कोण ऐकतंय! दोघातिघांची डोकी फुटली, सामना बंद झाला. ठमाबाई त्या गर्दीतून वाट काढत रघूजवळ पोचली आणि खाली बसून तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला. भोवती सगळा संघ, पुंडलिक, गावातले पन्नास लोक.

तिनं पिंढरीवरून अंगठा खाली खाली आणला. टाचेच्या चार बोटं वर अंगठा आत गेला. जिथं ताठ शीर लागायला पाहिजे तिथं बोटभर खळगा होता. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा खळगा.

चाळीस वर्षं लोकांचे पाय चाचपणारी बाई ती. हे आपल्या हातचं नाही, हे तिला तिथंच कळलं.

"आते," रघू म्हणाला, "तुटलं काय गो?"

पन्नास लोक तिच्या तोंडाकडं बघत होते. रघूचे डोळे तर बघवत नव्हते. तिच्या तोंडातून निघालं, "नाय रे. भरलंय नुसतं. आठ दिसांत उभा करते तुला."

का म्हणाली? पुढं तिनंही स्वतःला हे शंभरदा विचारलं. मार्च तोंडावर होता, म्हणून? दारात आलेल्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून? की एवढ्या लोकांपुढं आपला पाय हरला असं दिसायला नको, म्हणून? मला विचाराल तर तिन्ही थोडं थोडं खरं असावं. पण त्यातलं शेवटचं तिला सगळ्यात जास्त झोंबायचं, त्यावरून काय ते समजा.

घरी आणल्यावर तिनं जिवाचं रान केलं. सकाळ-संध्याकाळ तव्यावर मीठ तापवून त्याची पुरचुंडी करायची आणि शेकायचं. कोमट तेलानं चोळायचं. शीर आखडू नये म्हणून पंजाला फडकं अडकवून तो रोज वर, गुडघ्याकडं ओढायचा. शेवटी उजवा पाय टेकवायचा. आठव्या दिवशी सूज उतरली. बाराव्या दिवशी दुखायचं थांबलं. रघू सपाट पावलं टाकत अंगणात फिरायला लागला. पुंडलिकानं साऱ्या आळीला सांगितलं, बघा, निडीवाल्यांनी लाथ मारून काय केलं आणि आमच्या ठमीनं लाथ मारून काय केलं!

ठमाबाई हसली नाही. खळगा अजून तिथंच होता, आणि आता त्यात दोन बोटं मावत होती.

तिसऱ्या आठवड्यात रघू फळीवरचा डबा काढायला गेला. दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभा राहिला तेव्हा डावी टाच उचललीच नाही. त्यानं पुन्हा बघितलं. मग अंगणात येऊन पळायला बघितलं. पाय पुढं पडत होता, पण रेटा म्हणून देत नव्हता. तो ओटीवर येऊन बसला आणि आपल्या पायाकडं बघत राहिला. त्याच दुपारी ठमाबाईनं लुगडं बदललं आणि कुणाला न विचारता त्याला घेऊन पेणला गेली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी स्वतःच्या दारातून डॉक्टरच्या दारात नेत होती.

हाडांचे डॉक्टर पनवेलहून आठवड्यातून एकदा पेणला यायचे. वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी रघूला पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबती ठेवली आणि उजवी पिंढरी मुठीत धरून दाबली. उजवा पंजा टुणकन हलला. मग डावी पिंढरी दाबली. पंजा हलला नाही. पुन्हा दाबली. नाही.

एवढंच. ना यंत्र, ना फोटो. ठमाबाई बघतच राहिली. तिनं हजारो पिंढऱ्या दाबल्या होत्या, पण दाबताना पंजा हलतो का, हे एकदाही बघितलं नव्हतं.

"तुटली आहे," डॉक्टर म्हणाले. "हिला आम्ही कंडरा म्हणतो. मांस हाडाला बांधणारा दोर. मांसाला रक्त भरपूर, ते ताणलं तरी शेकून, विश्रांती घेऊन भरून येतं. या दोराला रक्त थोडं. हा चोळून जुळत नाही. आधी सकाळी आखडायची का?"

"व्हय. महिनाभर."

"दोर झिजत आला होता, त्याची ती खूण होती. तेव्हा खेळ थांबवायला हवा होता. तुटला तेव्हा काय वाटलं?"

"मागून लाथ मारली निडीच्या पोरानं. तिथंच तुटला."

डॉक्टरांनी मान हलवली. "लाथ बसल्यासारखं वाटलं, ना? माझ्याकडं यात येणारे बहुतेक जण हेच सांगतात. एक मास्तर तर आपल्या मागं कुणी नव्हतंच, तरी मागं वळून शिव्या देत होते. कुणी मारत नाही रे. पळताना जोरात रेटा दिला की दोर आपोआप तुटतो, आणि वाटतं असं की मागून कुणीतरी हाणलं."

मग डॉक्टरांनी विचारलं, "तीन आठवडे इलाज कोण करत होतं?"

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला.

"घरीच," रघू म्हणाला. तिच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"पंजा वर ओढलात का?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"व्हय."

"तो खाली वाकवून बांधून ठेवायचा असतो, म्हणजे तुटलेली टोकं जवळ येतात. वर ओढला की लांब जातात. पहिल्या आठवड्यात आला असतास तर नीट जुळवता आलं असतं. आता मुंबईला पाठवतो. ऑपरेशन होईल, चालशील चांगला. खेळाचं मात्र मनात धरू नको."

पेणच्या स्टँडवर दोघं एसटीची वाट बघत बसले. ठमाबाईच्या मनात येत होतं, आत्ता सांगावं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे, बाळा. अंगठा आत गेला होता माझा. ती तोंड उघडणार, एवढ्यात रघूच बोलला.

"आते, डॉक्टर ते लाथेचं बोलला, ते गावात सांगू नको."

"का रे?"

"कोणी मारलंच नाय तर मग माझा पाय गेला कशानं? आसाच? पळता पळता? लोकांना काय सांगू मी?" त्याचा आवाज फुटला. "केरूनं मारला म्हटलं तर निदान कोणीतरी मारला आसं तरी हाय."

"बरं," ठमाबाई म्हणाली.

आणि तिला बरंच वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. पोराचं आयुष्य मोडून पडलं होतं आणि तिला आतून हायसं वाटलं, कारण त्याचं झाकायचं म्हटलं की तिचंही झाकलं जात होतं. त्या 'बरं'च्या पोटात दोघांची दोन खोटी आली. एक रघूला ठाऊक होतं. दुसरं त्याला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालं, प्लॅस्टर झालं. मार्च आला आणि गेला. कापडाचा शर्ट शिवला नाही. डोलवीचं काम उभ्यानं करायचं, ते सुटलं. रघू पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला बसायला लागला. हात चांगला होता, डोळे आखायला लवकर शिकला. चालताना डावा पाय किंचित मागं राहायचा, अनोळखी माणसाच्या ध्यानातही आलं नसतं. पण संध्याकाळी मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला की तो उठून खाडीच्या बाजूला निघून जायचा.

गावानं ठराव केला: निडीशी खेळ नाही, येणंजाणं नाही. गावाला ठराव करायला फार आवडतं. शांतीचं माहेर तुटलं ते मात्र कुणाच्या ठरावात लिहिलेलं नव्हतं. दिवाळीला ती एकदा लपूनछपून येऊन गेली. आईच्या शेजारी तांदूळ निवडत बसली आणि हळूच म्हणाली, "आये, केरूभावजी खेळत नाय आता. घरात धड बोलत नाय. आधी म्हणायचे, मी हात पण लावला नाय. आता म्हणतात, एवढे लोक सांगतात तर लागला असंल माझाच पाय, झेप घेताना मना कळलं नसंल."

ठमाबाईचा हात सुपात थांबला. मग पुन्हा खडे वेचायला लागली. "होईल नीट," ती म्हणाली. काय नीट होणार होतं? जेवताना पान तसंच ठेवून तिनं शांतीला सांगितलं, पित्त झालंय.

तिच्यात एक बदल मात्र झाला. तिनं पाय टेकवायचं बंद केलं. लोक आले की बसवायची, विचारायची, सकाळी आखडतं का, आवाज झाला का, चवड्यावर उभा राहा बघू. ताज्या मुरगळीला चोळायची नाही, गार पाण्याची पट्टी बांधून पाय उशीवर ठेवायला सांगायची. पिंढरी दाबायची आणि पंजाकडं बघायची. लोकांना वाटलं, म्हातारीचा गुण गेला. पुढच्या पावसाळ्याआधी गावातला गुणाजी मैदानातून खांद्यावर आणला. त्याचंही तसंच, मागून दगड मारला म्हणून ओरडत होता. ठमाबाईनं पिंढरी दाबली, पंजा हलला नाही. तिनं पंजा खाली वाकवून, बांबूच्या कामट्या लावून फडक्यानं बांधला आणि ओरडली, "हात लावू नका कोणी! आत्ताच्या आत्ता पेणला न्या." गुणाजीचा पाय जुळला. वर्षानं तो पळायला लागला.

त्या दिवशी रघू ओटीवरून सगळं बघत होता. "आते," तो म्हणाला, "माझ्या येळेला तुला हे ठाव आसतं तर?"

ती उरलेल्या कामट्या गोळा करायला लागली. त्याला वाटलं, डॉक्टरनं केलं ते बघून ती शिकली. पिंढरी दाबायचं ती डॉक्टरकडं शिकली होती, हे खरंच होतं. पण खळगा कळायला डॉक्टर लागला नव्हता.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी, भर दुपारी, केरू आला. ठराव मोडून एकटा, बांधावरून चालत. हातात नारळ. अंगानं ओळखू येऊ नये इतका उतरला होता. रघू कारखान्याला सुट्टी म्हणून ओटीवर होता, पुंडलिक सुपारी कातरत होता, ठमाबाई दारात बसली होती. केरूनं कुणाला काही बोलायला सवडच दिली नाही. त्यानं नारळ रघूच्या पायांपुढं ठेवला आणि खाली बसला.

"माझ्याच पायानं झालं," तो म्हणाला. "दोन वर्सं डोक्यातून जात नाय. मुद्दाम नाय मारला, देवाशपत. पण लागला. माफ कर मना."

रघूचं तोंड पांढरं पडलं. त्यानं आतेकडं एकदा बघितलं, झरकन नजर काढून घेतली. मग घसा साफ करून, गावातली मोठी माणसं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "जाऊ दे. झालं ते झालं. केलं माफ."

"शाब्बास!" पुंडलिक म्हणाला. "याला म्हणतात मन."

केरू रडायला लागला. मोकळा होऊन रडत होता बिचारा, आणि ते बघून ठमाबाईला स्वतःची इतकी किळस आली की ती दाराला धरून उभी राहिली.

"केरू, ती माफी घेऊ नको," ती म्हणाली. "त्यानं द्यायची नाय आणि तू घ्यायची नाय. तू काय केलंच नायस."

"आते!" रघू ओरडला.

"तुझा पाय लागला नाय. कोणाचाच लागला नाय. शीर झिजलेली होती, ती आपसूक तुटली. तुटताना लाथ बसल्यागत वाटतंच. पेणच्या डॉक्टरनं सांगितलं आम्हा दोघांना."

केरूनं डोळे पुसले नाहीत. तसाच वर बघत राहिला. "कधी सांगितलं?"

"तवाच. तीन आठवड्यांनी."

रघू उठून उभा राहिला होता. "आणखी सांग! सगळं सांगून टाक! माझी लाज काढायची हाय ना तुला?"

"सांगते," ठमाबाई म्हणाली. "तुझी लाज नाय, माझी हाय. रोह्याला मैदानात तुझा पाय मांडीवर घेतला तवाच माझा अंगठा आत गेला होता. तुटलंय ते मना तवाच कळलं."

पुंडलिकाच्या हातातला अडकित्ता थांबला.

"मी तुला इचारलं होतं," रघू म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "तुटलं काय, म्हणून इचारलं होतं."

"व्हय."

"तू नाय म्हणालीस."

"व्हय."

"ठाव आसून?"

"ठाव आसून."

मार्चचं, पन्नास लोकांचं, दारात आलेल्याला परत न पाठवायचं, सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काहीच त्याच्या पायाला पुरं पडणार नव्हतं.

केरू उठला. हातानं कपडे झाडले. "मी बावीस वर्सांचा होतो तवा," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "जिल्ह्याच्या संघात नाव होतं माझं." मग वाकून त्यानं आपला नारळ उचलला, काखेत धरला आणि आला तसा बांधाच्या वाटेनं चालायला लागला. पुंडलिकानं हाक मारली, तो थांबला नाही.

रघू पायरी उतरला आणि केरूच्या मागं निघाला. भरभर चालायला बघत होता, पण डावा पाय मागं राहत होता आणि दोघांतलं अंतर वाढत होतं. बांधाच्या चढाला त्याचा पंजा रेटा देईना, तेव्हा त्यानं दोन्ही हात मातीला टेकले. वर पोचेपर्यंत त्यानं केरूला दोनदा हाक मारली. ठमाबाई दारातून बघत होती. इतकी वर्षं तो कुठं अडखळला की तीच पहिली धावायची, आणि आत्ताही तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तो तिनं मागं घेतला.